बाप्तिस्म्यानंतरचीं वर्षें



पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघालें, कात्रजचा घाट मागें टाकला आणि शिवगंगेच्या कांठानें कांहीं मैल पुढें आलें, म्हणजे चेलाडीचा फाटा लागतो. तेथून उजव्या हाताचा रस्ता नसरापूर गांवांतून वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशीं जातो. तसेंच सरळ पुढें गेल्यास कापूरव्होळावरून भोरास जातां येतें. १९४८ सालीं विलीनीकरण होईपर्यंत हा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांत मोडत असे. संस्थानाच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशीं किल्ल्यांचीं नांवें होतीं. प्रचंडगड म्हणजे आपला तोरणा. माझी सारी नोकरी याच डोंगरांतील शाळांतून झाली. भोरच्या वाड्यांतील रामनवमी, नसरापुराजवळचें बनेश्वर, आणि दिवेलागण झाली कीं गांवोगांवच्या देवळांतून ऐकूं येणारा हरिपाठ, या वातावरणांत वाढलेल्या माळकरी घरांतला मी माणूस. आजचा विषय मात्र ख्रिस्ती भक्तीचा आहे. तो मीं कां घेतला हें आधीं सांगितलें पाहिजे.

नसरापुरांत पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन या संस्थेचें एक ठाणें होतें. चार्ल्स रीव्ह नांवाच्या, ऑस्ट्रेलियाकडून आलेल्या गृहस्थानें ही संस्था १८९३ सालीं स्थापन केली. ती कोणा एका पंथाची नव्हती. शहरांतून मिशनऱ्यांची गर्दी आणि खेड्यांत कोणीच नाहीं, हें पाहून त्या मंडळींनीं खेडीं धरलीं, आणि तें तिच्या नांवांतच आहे. नसरापूरचें कॅनडा हॉस्पिटल हें त्याच कामाचें फळ होय. या डोंगरांत ख्रिस्ती झालेल्यांची संख्या मात्र मोठी कधींच नव्हती. त्यामुळें मिशनच्या कामाचा हिशेब करणारे लोक, मग ते मिशनचे स्नेही असोत वा विरोधक, आमच्या भागाविषयीं एका ओळीपलीकडे कांहीं लिहीत नाहींत. बाप्तिस्मे किती झाले, एवढाच प्रश्न, उत्तर, थोडे, आणि पान उलटलें.

हिशेबाची ही पद्धत मला कधीं पटली नाहीं. बाप्तिस्म्याला तारीख असते, साक्षीदार असतात, नोंदवहींत सही असते; म्हणून इतिहासकाराला तो सोयीचा. परंतु तुळशीची माळ ज्या दिवशीं गळ्यांत पडली त्या दिवशीं मनुष्य वारकरी झाला, असें आमच्याकडे कोणी म्हणणार नाहीं. माळ घातल्यावर तीस वर्षें त्यानें काय केलें हें आम्ही पाहतों. तीच दृष्टि ख्रिस्ती भक्तांच्या चरित्रांना लावली तर काय दिसतें? मला असें दिसलें कीं, महाराष्ट्रांतील ज्या थोर ख्रिस्ती स्त्रीपुरुषांचीं नांवें आपण घेतों, त्यांच्या आयुष्यांत धर्मांतराचा दिवस हा एक उंबरठा होता. ईश्वराशीं जवळीक झाली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, आणि ती रोजच्या नित्यनेमांतून झाली. शिवाय तो नित्यनेम बव्हंशीं त्यांनीं माहेराहूनच आणलेला होता.

या गोष्टीचा पहिला पुरावा फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि साष्टी प्रांतांत त्यानें जन्म घालविला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या घरांतून पोथ्या गेल्या होत्या. पण संध्याकाळ झाली कीं कांहींतरी ऐकावें, ही कानांची संवय गेली नव्हती. पुराणें सोडावयास लावलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण द्या, असें मागणें त्या लोकांनीं केलें. त्याचें उत्तर म्हणजे १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें, सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण. लिपि रोमन, पण भाषा आणि छंद आपला. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हा छापावें लागलें, यावरून तें नुसतें कपाटांत पडून राहिलें नव्हतें हें उघड आहे. गोव्यांतील त्या काळच्या धर्मांतरांत सक्ति किती होती हें सर्वांस ठाऊक आहे व तिचें समर्थन कोणी करूं नये. परंतु धर्म बदलला तरी ओवी ऐकण्याची भूक तीच राहिली, हें त्या ग्रंथावरून कळतें.

आतां एकोणिसाव्या शतकाकडे येऊं. पुण्यांत पंचहौद मिशन म्हटलें कीं श्रोत्यांना चहा आठवेल. १८९० सालच्या ऑक्टोबरांत तेथें पुण्यांतील प्रतिष्ठित मंडळी चहा प्यालीं आणि त्या पेल्यांतून केवढें वादळ उठलें, हें आपल्या सामाजिक इतिहासांतलें एक विनोदी प्रकरण आहे. पण ज्या धर्मसंघाच्या पाद्र्यांनीं तें मिशन चालविलें त्याच संघाशीं निगडित असा एक चित्पावन पंडित होता, व त्याच्या आयुष्यांत विनोदाला फारसा वाव नव्हता. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पुढचे नेहेम्या गोऱ्हे, हे काशीस वाढलेले शास्त्री. ख्रिस्ती मताचें खंडन करावें म्हणून ते त्या ग्रंथांकडे वळले आणि १८४८ सालीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. यापुढें शांति लाभली असेल असें आपणांस वाटतें. तसें झालें नाहीं. १८९५ सालीं मुंबईस देह ठेवीपर्यंत शंकांनीं त्यांची पाठ सोडली नाहीं. तर्काच्या जोरावर जो धर्म स्वीकारला त्याला तर्कच रोज नव्यानें धडका देई. असा मनुष्य प्रार्थना सोडून देईल, किंवा शंका तरी सोडून देईल. गोऱ्ह्यांनीं दोहोंपैकीं कांहींच सोडलें नाहीं. उपास, एकांत, ठरल्या वेळची उपासना, अंगावर अत्यंत साधें वस्त्र, असें त्यांचें जीवन होतें. मला त्यांच्याविषयीं जो आदर वाटतो तो त्यांच्या निश्चिततेसाठीं नव्हे. निश्चितता नसतांना नेम चालूं ठेवला त्यासाठीं.

या गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांत पंडिता रमाबाई होत्या. रमाबाईंचें चरित्र आपण स्त्रीशिक्षणाच्या अंगानें पुष्कळदां ऐकतों. मी आज त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीबद्दल बोलणार आहें.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ सालीं सह्याद्रीच्या रानांत जन्मली. आईनें पहांटे, पांखरें जागीं होण्याच्या सुमारास, तिला उठवावें आणि संस्कृत पाठ द्यावा, हा त्या घरचा क्रम. तीर्थामागून तीर्थें करीत, देवळांच्या ओसरीवर पुराण सांगत, तें कुटुंब हिंडलें. भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीच्या मुखीं झाले. दुष्काळांत आईबाप गेले, बहीण गेली. भाऊ बरोबर होता तोही पुढें गेला. कलकत्त्यास पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या, विवाह झाला, दीड वर्षांत वैधव्य आलें. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत वाँटेज येथें लहानग्या मनोरमेसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

वाँटेजच्या धर्मभगिनींना वाटलें कीं आतां ही शिष्या सांगितलें तें ऐकेल. रमाबाईंनीं प्रत्येक सिद्धांतावर प्रश्न विचारले. गळ्यांत घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरें कशाला, संस्कृत कां नकोत, लॅटिन काय संस्कृताहून अधिक पवित्र आहे, असा वाद त्यांनीं घातला. मांसाहाराला तर त्या शिवल्याच नाहींत. हीं पत्रें आज छापील मिळतात आणि वाचतांना मोठी मौज वाटते; गुरुजींच्या वर्गांत गुरुजींपेक्षां हुशार मुलगी बसली म्हणजे काय अवस्था होते, हें मी अनुभवानें जाणतों.

परंतु मुख्य गोष्ट पुढची आहे. रमाबाईंनीं १९०७ सालीं आपली साक्ष म्हणून जें आत्मकथन प्रसिद्ध केलें त्यांत त्या स्पष्ट सांगतात कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं त्यांना ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटलें होतें, मन मात्र रितें होतें. तें भरलें सुमारें आठ वर्षांनीं, १८९१ च्या आसपास. त्या आठ वर्षांत त्यांनीं काय थोडें केलें? अमेरिकेचा दौरा केला, ग्रंथ लिहिला, १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें, पुढल्या वर्षीं तें पुण्यास आणलें. जगाच्या दृष्टीनें त्या ख्रिस्ती समाजाच्या भूषण होत्या, आणि स्वतःच्या दृष्टीनें दाराबाहेर उभ्या. इतक्या प्रामाणिकपणें आपल्या रिकामेपणाचा कबुलीजबाब देणारीं माणसें कोणत्याही धर्मांत विरळाच.

यानंतर जें घडलें तें पुण्यास १८९३ सालीं घडलें. शारदासदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, असा करार होता, आणि त्या विश्वासावर ब्राह्मण घरांतील विधवा तेथें पाठविल्या गेल्या होत्या. रमाबाईंनीं धर्मशिक्षण दिलें नाहीं. त्या आपल्या खोलींत रोज प्रार्थना करीत. फक्त खोलीचें दार लावून घेत नसत. मुली येऊन बसूं लागल्या. बोभाटा झाला, केसरीनें कोरडे ओढले, कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या, आणि न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले.

या वादांत कोण बरोबर, असें मला विद्यार्थी विचारीत. रानडे-भांडारकरांना धर्मवेडे कोणी म्हणूं शकणार नाहीं. त्यांनीं समाजाला शब्द दिला होता. ज्या बापानें शेजाऱ्यांचा रोष पत्करून आपली विधवा मुलगी शाळेंत घातली त्याच्याशीं दगा झाला अशी भावना त्यांना झाली असेल तर ती खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूला रमाबाईंचें म्हणणें एवढेंच कीं, प्रत्येक मुलीला आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक आहे, मलाही असावी. मी माझ्या घरांत चोरासारखी दार लावून देवाचें नांव घेणार नाहीं. आतां सालें पाहा. १८८३ ते १८९१ पर्यंत त्या ख्रिस्ती होत्याच, पण त्यांच्या प्रार्थनेवरून गांव पेटलें नाहीं. मनांतील पोकळी भरली, नित्यनेमाला जीव आला, आणि दोन वर्षांत वादळ उठलें. दार पूर्वीं उघडें असतें तरी आंत डोकावून बसावेंसें मुलींना वाटलें असतें कीं नाहीं, मला शंका आहे. समाजाला भीति वाटली ती मताची नसावी, भक्तीची असावी.

पुढें केडगांवला मुक्तिसदन उभें राहिलें. १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं अनाथ केलेल्या स्त्रिया व मुली तेथें आल्या. शतक बदललें तेव्हां ही वस्ती दीड हजारांच्या वर गेली होती. १९०५ च्या आरंभापासून रमाबाईंनीं रोजच्या प्रार्थनेसाठीं मुलींच्या टोळ्या केल्या, आणि त्या वर्षीं जूनअखेरीस तेथें जें मोठें धर्मजागरण झालें त्याची कीर्ति देशोदेशीं गेली. मुली तासन् तास रडत, पापें कबूल करीत, मोठ्यानें प्रार्थना करीत. या प्रकाराबद्दल ख्रिस्ती लोकांतही दोन मतें आहेत. माझ्या स्वभावाला त्या लाटेपेक्षां तिच्यानंतरचा ओहोटीचा काळ अधिक भावतो. रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठींत आणण्याचें काम अंगावर घेतलें. तें सतरा-अठरा वर्षें चाललें. खेड्यांतल्या बाईला कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष. अक्षरें जुळविणाऱ्या मुक्तिसदनाच्याच मुली, छापखाना तेथलाच. १९२१ सालीं एकुलती एक मनोरमा वारली. म्हातारी आई पुन्हा मुद्रितांपुढें बसली. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या गेल्या तेव्हां काम हातावेगळें झालें होतें, व १९२४ सालीं तो ग्रंथ बाहेर पडला. पहांटे आईजवळ बसून श्लोक घोकणारी मुलगी आणि चष्मा लावून हिब्रू शब्द पारखणारी ही वृद्धा यांच्यामध्यें साठ वर्षें आहेत. पण पहांटेचा पाठ तोच आहे, असें मला वाटतें.

नारायण वामन टिळकांचा नित्यनेम निराळ्या जातीचा होता, कारण मनुष्यच निराळा. रमाबाईंचे निश्चय पोलादी. टिळकांचा निश्चय वाऱ्यावरच्या पतंगासारखा, फक्त दोरी तुटली नाहीं. १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं जन्म, लहानपणींच आई गेली, नाशिकास विद्या, नंतर शिक्षकी, कीर्तनें, वक्तृत्व, कविता. गरजू दिसला कीं घरांतली वस्तु उचलून द्यावी, मग घरांत काय शिजणार याची फिकीर बायकोनें करावी. आपण सर्वांनीं शाळेंत त्यांची जखमी पक्षिणीची कविता पाठ केली आहे. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांच्या कवितेच्या गप्पा झाल्या. त्यानें उतरतांना नव्या कराराची प्रत हातीं ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळक नुसते हंसले असतील. पण डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर त्यांना पुस्तक खालीं ठेववेना, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर पुष्कळ वर्षें टिळक हे अमेरिकन मराठी मिशनचे चांगले कार्यकर्ते होते. नगरास (आतांचें अहिल्यानगर) शिकविलें, राहुरीस दुष्काळांत राबले, १९१२ पासून ज्ञानोदयाची मराठी बाजू संभाळली. गीतें लिहिलीं. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनीं कीर्तनाची पद्धत आधींच रूढ केली होती, तेव्हां टाळ-मृदंग चर्चच्या आंत नव्यानें नेण्याचें श्रेय एकट्या टिळकांना देणें न्यायाचें होणार नाहीं. टिळकांनीं केलें तें याहून खोल. आपण ख्रिस्तचरणांपाशीं पोंचलों तें तुकोबांच्या पुलावरून, असें ते सांगत. हें वाक्य पुष्कळ जण नुसतें सौजन्याचें समजतात. मला तें अगदीं अक्षरशः खरें वाटतें. तुकोबांनीं देवाशीं भांडण केलें, रुसले, विनवणी केली, आणि हें सर्व रोज केलें. परक्या चालींवर बसविलेल्या, भाषांतरित स्तोत्रांत देवाशीं भांडतां येत नाहीं. तेथें मनुष्य नेहमीं धुतलेल्या कपड्यांत उभा असतो. टिळकांच्या अभंगांजलींत ख्रिस्त हा गुरु आहे, सखा आहे, माउली आहे. माउली हा शब्द आमच्या बाजूला नांगरधाऱ्याच्याही तोंडीं असतो. तो शब्द ख्रिस्ताला लागला त्या दिवशीं मराठी ख्रिस्ती माणसाची प्रार्थना घरच्या कपड्यांत आली.

हें एका दिवसांत झालें नाहीं, आणि त्याची किंमत भरावी लागली. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ति धरली आणि सातारा येथें देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरु मानणारे, असे सर्व त्या दरबारांत भाऊ. बावीस वर्षें ज्या मंडळीनें अन्न दिलें तिच्यांतील अनेकांना हें रुचलें नाहीं. बाप्तिस्म्यावांचून ख्रिस्ताचा शिष्य कसा, हा त्यांचा प्रश्न शास्त्राप्रमाणें योग्यच होता. टिळकांनीं तरी बाप्तिस्मा टाकाऊ ठरविला नव्हता. पण त्यांचीं स्वतःचीं बावीस वर्षें त्यांच्यापुढें होतीं, आणि उंबरठा म्हणजे घर नव्हे हें त्यांना त्या वर्षांनीं शिकविलें होतें. दरबार फार दिवस टिकला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक वारले. त्यांचें इंग्रजी चरित्र लिहिणारे पाद्री जॅक विन्स्लो यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ काढला. त्याचा आश्रम पुढें पुण्यास शिवाजीनगरांत झाला, व तेथें इंग्रज विद्वान जमिनीवर बसून मराठी भजनें म्हणूं लागले. व्हेरियर एल्विन हा गृहस्थ १९२७ सालीं हिंदुस्थानांत आला तो याच संघांत.

नसरापूरच्या मिशनची उपासना टिळकांच्या दरबाराहून फार वेगळी. ती मंडळी पवित्र शास्त्राच्या अक्षराला चिकटून राहणारी, आणि टिळकांच्या मोकळेपणाकडे त्यांनीं बहुधा संशयानेंच पाहिलें असतें. असें असूनही गीतांना पंथ आडवा येत नाहीं. या बाजूच्या एका ख्रिस्ती घरीं संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं मी कांहीं कामानें गेलों होतों. घरांतील म्हातारीला वाचतां येत नव्हतें. नातवानें शास्त्रांतला अध्याय वाचला आणि तिनें टिळकांचें पद म्हटलें, हातांत टाळ घेऊन. चाल मला ओळखीची होती. मी ओसरीवर बसून राहिलों. आंत या असें त्यांनीं म्हटलें नाहीं आणि दारही लावलें नाहीं.

शेवटीं लक्ष्मीबाईंकडे येतों. खरें म्हणजे त्यांच्यापासूनच आरंभ करावयास हवा होता, कारण या सर्वांत कठीण वाट त्यांची. नवऱ्यानें न सांगतां धर्म बदलला. पदरीं लहान दत्तू. सोंवळ्यांत वाढलेली, नवऱ्यानें जेमतेम अक्षरओळख करून दिलेली बाई. पंढरपुरास आप्तांच्या घरीं त्यांनीं दिवस काढले. त्या दुःखाचें वर्णन स्मृतिचित्रांत आहे, आणि आश्चर्य असें कीं तें वाचतांना मधूनच हंसूं येतें. पुढें नवऱ्याजवळ नगरास राहावयास आल्या तरी चूल निराळी, पाणी निराळें. कोणी उपदेश करून त्यांना वळविलें नाहीं. टिळकांच्या वक्तृत्वाचा या एका श्रोत्यावर कांहीं इलाज चालला नाहीं! जातिभेद देवानें केला कीं माणसांनीं, हा प्रश्न त्यांनीं एके दिवशीं स्वतःलाच विचारला आणि उत्तर मिळाल्यावर पाण्याचा विटाळ सोडला. प्रार्थना त्यांच्यांत हळूहळू आली. १९०० सालीं राहुरीस बाप्तिस्मा झाला. म्हणजे टिळकांच्या आणि त्यांच्या बाप्तिस्म्यांत पांच वर्षांचें अंतर आहे, आणि या पांच वर्षांत त्या रोज थोड्या थोड्या सरकत होत्या. रमाबाईंची गोष्ट येथें बरोबर उलटी झाली. रमाबाईंनीं आधीं उंबरठा ओलांडला व मग घर शोधलें. लक्ष्मीबाई घरांत आधीं आल्या, उंबरठ्याची नोंद मागाहून झाली.

नगरच्या त्या घरांत अनाथ मुलें वाढलीं, प्लेगचे रोगी शुश्रूषा घेऊन गेले, बालकवि ठोंबरे कुटुंबांतल्या मुलासारखे राहिले आणि ख्रिस्ती न होतां राहिले. टिळक वारल्यावर लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनाला उभ्या राहिल्या. नऊवारींतली, पन्नाशी उलटलेली बाई ख्रिस्ताचें आख्यान लावते, हें दृश्य त्या काळीं दोन्ही समाजांना नवें होतें.

टिळकांनीं ख्रिस्तायन या नांवाचें ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतलें होतें. पहिले दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. हें काम पुरें करण्यास मराठींत विद्वान थोडे नव्हते. तें हातीं घेतलें लक्ष्मीबाईंनीं. घरकाम, मुलेंबाळें, नातवंडें, आजारपणें, नाशिक काय नि कराची काय, जेथें मुलाची नोकरी तेथें त्यांचा मुक्काम. आणि त्यांतून ओव्या. असे चौसष्ट अध्याय त्यांनीं रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या तेव्हां ग्रंथ शेवटास आला होता, पूर्ण झाला नव्हता. शहात्तरावा अध्याय मुलानें, देवदत्तांनीं लिहिला, आणि १९३८ सालीं ख्रिस्तायन छापून निघालें. साष्टींतील त्या नवख्रिस्ती लोकांनीं संध्याकाळीं ऐकावयास एक पुराण मागितलें होतें, त्याला तेव्हां तीनशें वर्षें उलटून गेलीं होतीं.